आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली काय?

सदर : गाडी आणि घर



मागील अंकात आपण चेन आणि स्प्रॉकेट कधी बदलावे याची माहिती घेतली. या वेळी ब्रेकविषयी लिहायचे ठरवले होते. परंतु मधल्या काळात आमच्या दापोडीत, अगदी शेजारच्याच घरी एक प्रसंग घडला. त्यानंतर तीन-चार तरुणांनी रस्त्यात थांबवून तोच प्रश्न मला विचारला. म्हणून ब्रेक पुढील अंकावर टाकून आज जुन्या मोटारसायकलचा बेंड पाइप आणि सायलेन्सर हा विषय घेत आहे.

प्रसंग असा. आमच्या शेजारचे दादा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. १९८७ साली त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून बुलेट घेतली. वस्तीतली ती पहिली बुलेट. कोणाला रात्री दवाखान्यात न्यायचे असो, कोणाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायच्या असोत, ती गाडी सगळ्यांचीच होती. तीन वर्षांपूर्वी दादा गेले. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. आता त्यांचा मुलगा भोसरीच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. तेवीस वर्षांचा आहे, हाताने कुशल आहे. त्याने यंदा गाडी बाहेर काढली, टाकी धुतली, नवी बॅटरी टाकली. यात वाईट काहीच नाही, उलट मला आनंदच झाला.

पुढे त्याने मोबाइलवर काहीतरी पाहिले. एका गॅरेजवाल्याकडे जाऊन त्याने मूळचा बेंड पाइप आणि लांब सायलेन्सर काढून टाकला. त्या जागी जाड, आखूड बेंड आणि आत पुंगळी नसलेला छोटा सायलेन्सर बसवून घेतला. महिन्याभराच्या ओव्हरटाइमचे पैसे त्यात गेले. संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली तेव्हा पत्रे थरथरले. मूठ सोडली की फट् फट् असे फटाके. खालच्या खोलीत बाळंतपणाला माहेरी आलेली लेक होती. तिचे बारा दिवसांचे बाळ दचकून उठले आणि रात्रभर किरकिरत राहिले. मात्र त्या घरातले कोणी काही बोलले नाही. दादांचा मुलगा आहे, त्याला कसे बोलायचे?

चौथ्या दिवशी वहिनी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही सांगून बघा त्याला. माझं ऐकत नाही. ह्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मी आवाजावरनं ओळखायची आणि चहा ठेवायची. हा आवाज त्या गाडीचा नाही."

रविवारी मी मुलाला बोलावले. तो म्हणाला, "आप्पा, अमेरिकेत जुन्या गाड्यांना हेडर बसवतात. इंजिन मोकळं होतं, ताकद वाढते. मी पण तेच केलंय."

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. अर्धे खरे असलेले म्हणणे रागावून खोडता येत नाही, समजावूनच खोडावे लागते. म्हणून त्याला जे सांगितले तेच येथे लिहितो.

अमेरिकेतली गोष्ट

१९६० च्या दशकात अमेरिकेत मध्यम आकाराच्या मोटारीत भले मोठे इंजिन घालून विकण्याची टूम निघाली. १९६४ ची पॉन्टिअॅक जीटीओ ही त्यातली गाजलेली गाडी. तिला आठ सिलेंडरांचे इंजिन होते, सुमारे ६.४ लिटरचे. आपल्या बुलेटचे इंजिन ३४६ घनसेंटिमीटरचे. म्हणजे त्या गाडीत आपल्या अठरा बुलेट मावतील. अशा गाड्यांना तिकडे मसल कार, म्हणजे पिळदार अंगाची गाडी, असे म्हणतात.

आता तिची अडचण पाहा. आठ सिलेंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन बाजूंना चार-चार बसवलेले. प्रत्येक बाजूच्या चार सिलेंडरांचा जळालेला वायू बिडाच्या एका आखूड, ओबडधोबड नळकांड्यात सोडलेला. ते नळकांडे स्वस्त, मजबूत आणि जागा कमी घेणारे असते, म्हणून कारखाना तेच बसवतो. पण एका सिलेंडरचा वायू बाहेर पडत असताना दुसऱ्याचाही त्याच अरुंद जागेत घुसतो. चार खोल्यांच्या चाळीला एकच बोळ असावा आणि चारही घरांतली माणसे एकाच वेळी बाहेर निघावीत, तशी गर्दी होते.

यावर उपाय म्हणजे हेडर. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र पोलादी नळी द्यायची, नळ्यांची लांबी शक्य तितकी सारखी ठेवायची आणि पुढे त्या एका जाड नळीत एकत्र आणायच्या. एका सिलेंडरचा वायू वेगाने निघून गेला की त्याच्या मागे दाब कमी होतो, आणि तो कमी दाब पुढच्या सिलेंडरचा वायू ओढून घेतो. जळालेला वायू पूर्ण निघाला की ताजी हवा आणि पेट्रोल जास्त आत येते. म्हणून ताकद वाढते. हे शास्त्र खरे आहे.

तिकडेसुद्धा जाणते लोक आधी इंजिन किती फेऱ्यांवर चालवायचे ते ठरवतात. मग नळीचा व्यास आणि लांबी निवडतात. फार जाड नळी घेतली तर रोजच्या वापरात गाडी मऊ पडते. नळी स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा स्टार्टरला घासणार नाही ना, प्लग काढायला हात जाईल ना, हेही आधी तपासतात.

बुलेटला सिलेंडर किती?

एवढे सांगून मी मुलाला एकच प्रश्न विचारला. "तुझ्या बुलेटला सिलेंडर किती?"

तो हसला. "एक."

"मग गर्दी कोणाची होणार? एका सिलेंडरला एक स्वतंत्र पोलादी नळी. अमेरिकेतला माणूस पैसे मोजून जे बसवतो, ते तुझ्या बापाच्या गाडीला कारखान्यातूनच बसवून आले होते. ते तू काढून टाकलेस."

वाचकहो, आपल्या एका सिलेंडरच्या गाडीचा बेंड पाइप हाच तिचा हेडर. त्याचा व्यास आणि लांबी इंजिन पाहून ठरवलेली असते. जुनी ३५० ची बुलेट सुमारे १८ अश्वशक्तीची, लांब स्ट्रोकची, कमी फेऱ्यांवर जोर देणारी. तिला जाड बेंड बसवला तर वायूचा वेग कमी होतो. नळाला लावलेल्या रबरी नळीचे उदाहरण घ्या. नळी बारीक असली तर धार लांब जाते. तेच पाणी जाड पाइपातून सोडले तर पायाशीच पडते. वेग गेला की वायू ओढून घेण्याची क्रियाही मंदावते. मग सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते. मुलाने कबूल केले की खडकीच्या चौकातून गाडी उचलताना आता क्लच जास्त घासावा लागतो.

काही मेकॅनिक म्हणतात की इंजिनाला मागून दाब लागतोच. हे तंतोतंत खरे नाही. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूला योग्य वेग हवा असतो. कोळशाने तुंबलेला सायलेन्सर वाईट आणि रिकामा डबाही वाईट.

आणि ते फटाके? ती ताकद नव्हे. मूठ सोडल्यावर थोडे पेट्रोल न जळता तापलेल्या नळीत येते. बेंडचा जोड ढिला असला की तिथून बाहेरची हवा आत शिरते आणि ते पेट्रोल नळीतच पेटते. म्हणजे आपण पैसे देऊन घेतलेले पेट्रोल इंजिनाऐवजी रस्त्यावर जळते. शिवाय सायलेन्सर मोकळा केला आणि कार्बोरेटर तसाच ठेवला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन जास्त तापते आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळू शकतो.

यामाहा आणि येझदीवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे आरएक्स १०० किंवा येझदी आहे त्यांनी अधिकच सावध राहावे. या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांच्या सिलेंडरला व्हॉल्व्ह नसतात, भोके असतात. जळालेला वायू बाहेर जाताना थोडे ताजे मिश्रणही सोबत निसटते. सायलेन्सरचा आतला फुगीर आणि निमुळता आकार दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटलेले मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलतो. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्याचे अभियंता वॉल्टर काडेन यांनी या लाटेचा अभ्यास करून शर्यतीच्या छोट्या इंजिनांतून थक्क करणारी ताकद काढली. तेव्हा टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग समजावा. त्याची पुंगळी फेकून देणे म्हणजे कार्बोरेटरचा एक तुकडा फेकून देण्यासारखेच आहे. आवाज वाढतो, पेट्रोल वाढते, खालची ओढ जाते.

या गाड्यांची ताकद खरोखर परत आणायची असेल तर पुंगळी काढा, तिच्यावरचा तेलकट कोळसा खरवडा आणि पुन्हा बसवा. ९८ घनसेंटिमीटरची आरएक्स १०० तुंबलेल्या पुंगळीमुळे मरगळलेली असते. साफ केल्यावर ती पहिल्यासारखी पळते. यासाठी खर्च जवळजवळ काही नाही. कॉस्टिक सोड्याने सायलेन्सर धुण्याची पद्धत आहे. परंतु त्याने कातडी आणि डोळे भाजतात, म्हणून घरात, मुलांच्या आसपास हा उद्योग करू नये.

निवड कशी करावी

जुना बेंड गंजून भोक पडले असेल किंवा सायलेन्सर सडला असेल तर बदलावाच लागतो. नाना पेठेत दुकाने पुष्कळ आहेत. जुन्या बाजारातही कधी मूळचा माल मिळून जातो. घेताना पुढील गोष्टी पाहा.

एक. जुना तुकडा सोबत न्या. तो सडका असला तरी त्याचे माप खरे असते. बेंडचे तोंड, वाकणाची जागा आणि मागच्या पट्टीचे भोक नव्या मालाशी जुळवून पाहा.

दोन. वाकण तपासा. चांगला बेंड वळणावरही गोलच राहतो. हलक्या मालात वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि नळी चपटी होते. तिथेच वायू अडतो.

तीन. वजन हातात तोलून पाहा. पातळ पत्र्याचा सायलेन्सर हलका असतो, लवकर सडतो आणि डब्यासारखा वाजतो. वेल्डिंगची रेघ सलग हवी, टिपक्या-टिपक्यांची नको.

चार. सायलेन्सरच्या मागून आत पाहा. आरपार उजेड दिसला तर आत काही नाही असे समजा. इंदोरी, पंजाब, मेगाफोन, शॉर्ट बॉटल अशी नावे सांगून दुकानदार माल दाखवतो. नावावर जाऊ नका. आत पुंगळी आहे का आणि तुमच्या मॉडेलसाठी कारखान्याने दिलेल्या प्रकाराशी तो जुळतो का, एवढेच विचारा.

पाच. स्टेनलेसचा म्हणून महाग विकला तर चुंबक लावून पाहा. चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा घट्ट धरत नाही. साध्या पत्र्यावर क्रोम असेल तर खटकन चिकटतो.

बसवावा कसा

त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून गाडीचे काम केले. मूळचा बेंड माळ्यावर सापडला, तो चांगला होता. लांब सायलेन्सर मात्र सडलेला होता, तेवढाच नवा घ्यावा लागला. कामाचा क्रम असा ठेवा.

आदल्या रात्री सगळ्या गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाच हात घाला. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर घ्या. पाना बरोबर मापाचाच वापरा. अडकलेल्या बोल्टवर जोर केला तर बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

जुन्या बिडाच्या सिलेंडरच्या बुलेटला बेंड हेडच्या भोकात नुसता दाबून बसवलेला असतो. क्लिप आणि पट्ट्या सोडल्यावर तो हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत बाहेर ओढायचा. लोखंडी हातोडा मारायचा नाही, लाकडी मोगरी चालेल. ज्या गाड्यांना दोन स्टड आणि नट असतात, त्यांचे नट आळीपाळीने थोडे थोडे सोडा आणि तसेच आवळा. स्टड हेडमध्ये तुटला तर ड्रिल मारून काढावा लागतो. येझदीला आट्यांचा गोल नट असतो. त्यासाठी हुकपानाच घ्या. छिन्नी-हातोडीने ठोकून कित्येकांनी त्या नटाच्या कडा आणि सिलेंडरचे आटे घालवले आहेत. तो नट ढिला ठेवून गाडी चालवली तरीही आटे जातात.

हेडच्या भोकातला कोळसा साफ करताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद असेल अशा ठिकाणी इंजिन आणून ठेवा. नाहीतर कोळशाचा खडा आत पडतो. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून ते कोरडे घासू नका, फुंकर मारू नका. ओले करून काढा आणि पिशवीत बांधून टाका. गॅस्केट असेल तिथे दर वेळी नवीच घाला.

बसवताना आधी सगळे बोल्ट ढिले ठेवूनच लावा. बेंड, सायलेन्सर, क्लिप आणि मागची पट्टी सगळे आपापल्या जागी सहज बसले पाहिजे. नंतर हेडकडून सुरुवात करून मागे मागे घट्ट करत जा. पट्टीचे भोक जुळत नाही म्हणून सायलेन्सर ओढून बोल्ट घातला तर तो ताण कायम राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत वेल्डिंगवर तडा जातो. यात लेथवर काम करणाऱ्या आपल्या मुलाचा हात चांगला बसला. मापाचे महत्त्व त्याला सांगावे लागले नाही.

गाडी मोकळ्या जागीच चालू करा. जोडाजवळ हात थोडा लांब धरून वाफ लागते का पाहा. दोन दिवसांनी तिथे काळी काजळी दिसली तर जोड गळतो आहे. पन्नास किलोमीटर चालल्यावर, गाडी थंड झाल्यावर, बोल्ट पुन्हा एकदा आवळा. मग प्लग काढून पाहा. दुधाच्या चहासारखा फिकट तपकिरी रंग चांगला. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. काळी काजळी असेल तर जास्त होते आहे. बेंड हेडजवळ निळा पडत असेल तर मिश्रण आणि टायमिंग तपासा.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मुलाला ताकद हवी होती ना? ती सापडली, पण भलत्याच ठिकाणी. पॉइंटचे अंतर बिघडलेले होते. ते ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान हवे. टायमिंग मागे पडलेले होते. हवेच्या फिल्टरमध्ये तीन वर्षांची धूळ होती. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता. हे सगळे ठीक करायला आमचा एक दिवस आणि थोडेसे सामान लागले. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला आणि म्हणाला, "आप्पा, चढावर तिसऱ्यातच निघाली." दुखणे इंजिनाच्या पोटात होते आणि त्याने पैसे घातले ते आवाजात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने असा बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि धूर यांच्या मर्यादा मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसनसाठी अपात्रता, अशी तरतूद आहे. जप्त केलेले सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली घातल्याची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांतून पाहतोच.

ज्याच्या नोकरीला रोज गाडी लागते, त्याचे लायसन तीन महिने गेले तर घराचे काय होईल, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करावा. शिवाय पंधरा वर्षांनंतर गाडीची पुनर्नोंदणी करावी लागते आणि ती पाच-पाच वर्षांसाठी मिळते. त्या वेळी गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागते. म्हणून मूळचा बेंड आणि सायलेन्सर कधी भंगारात देऊ नका.

आवाजाचे गणितही समजून घ्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करतात. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. दहा डेसिबल वाढले म्हणजे थोडे वाढले असे वाटते. प्रत्यक्षात ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो.

इथे तरुणांना एक गोष्ट स्पष्ट सांगतो. १४ एप्रिलला आपण पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करायला जातो. तिथून जवळच ससून रुग्णालय आहे. तिथे खाटेवर पडलेला माणूस बहुधा आपल्यासारख्याच घरातला असतो, कारण खासगी दवाखाना त्याला परवडत नाही. त्याच्या खिडकीखालून पुंगळी काढलेली गाडी नेणे हे अभिवादन होत नाही. गाडी जरूर न्या, स्वच्छ धुऊन न्या, पण आवाज तिच्या पोटातच ठेवा.

भगिनींसाठी दोन शब्द

सायलेन्सर पोटरीला लागून भाजणे ही आपल्या घरांत नेहमीची गोष्ट. आखूड सायलेन्सर मागे बसणाऱ्याच्या पायाजवळ येतो आणि धोका वाढतो. लहान मुलांना गाडीच्या सायलेन्सर नसलेल्या बाजूने चढायला-उतरायला शिकवा. चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावू नका. मोठा फोड आला किंवा मूल लहान असेल तर डॉक्टरांना दाखवा.

दुसरे असे की पावसाळ्यात काही जण गाडी घरात किंवा बंद पडवीत उभी करून चालू करतात. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. गाडी नेहमी बाहेर ढकलत आणूनच चालू करा. बेंडचा जोड गळत असेल तर हा नियम दुप्पट पाळा.

आता त्या आखूड सायलेन्सरचे काय झाले ते सांगतो. मुलगा तो परत करायला गेला. गॅरेजवाल्याने घेतला नाही. पैसे गेले ते गेले. परंतु तो स्वतः खालच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्या लेकीला म्हणाला, "ताई, चुकलं माझं. आता आवाज येणार नाही." बाळाच्या आजीने त्याला आत बोलावून बसवले.

परवा सात वाजता मी ओट्यावर बसलो होतो. बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली. तोच जुना, संथ, जड ठोका. वहिनी दारात उभ्या होत्या. काही न बोलता त्या आत गेल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

पुढील अंकात ब्रेकविषयी. तोपर्यंत आपापल्या गाडीचे ब्रेक लायनर शेवटचे कधी बदलले ते आठवून ठेवा.